सव्वा मूठ

सुरतहून निघालेली पॅसेंजर
नंदुरबारला रिकामी व्हायची,
त्या दिवशी उलट भरली.
श्रावणातला शनिवार, उद्या कानबाई.
प्रत्येकाच्या मांडीवर काहीतरी होतं,
कुणाच्या साडीचा खोका, कुणाच्या झोपलेली पोर,
माझ्या मांडीवर नारळ
आणि त्याला गुंडाळलेली टिकल्यांची पट्टी,
हितेंद्रने एम्ब्रॉयडरीच्या खात्यातून आणलेली,
देवीच्या पदराला काठ म्हणून.
मी विचारलं, मालकाला सांगून आणलीस ना?
तो खिडकीतून बघत म्हणाला,
दोंडाईचा आलं.

बेटावदला निम्मी भाऊबंदकी फलाटावरच भेटली.
वापी, उधना, अंकलेश्वर, एक जण थेट पिंपरीहून.
बांधावरून तीन वर्षं न बोलणारे दोन काका
एकाच रिक्षात बसले,
एकाची पिशवी दुसऱ्याच्या मांडीवर.
गाव येईपर्यंत बोलले नाहीत.
पिशवी मात्र खड्ड्याखड्ड्याला
दोन्ही हातांनी सांभाळली.

ओसरीत सुपडामाय गव्हाच्या राशीपुढे बसलेली,
चष्म्याची एक काडी दोऱ्याची.
घरातल्या एकेका पुरुषाचं नाव घ्यायचं
आणि सव्वा मूठ गहू रोटासाठी काढायचे.
दोधू. झिपरू. सुकलाल. हितू.
सैन्यात आहे त्याची, रुसून बसलाय त्याची,
पाळण्यात परवा आलेल्याची,
ज्याचं अजून नावही ठरलेलं नाही,
त्याला ती नुसतंच म्हणाली, 'हाऊ'.
सतरा झाले. तिने हात झटकले.

मी म्हटलं, आणि आपली?
भांडायला नव्हतं विचारलं.
मेडिकलवर रोज रात्री गल्ला मीच जुळवते,
आकडा राहिला की झोप येत नाही, एवढंच.

निवडणाऱ्या बायकांचे हात थांबले.
सासूने माझ्याकडे नाही,
पंख्याकडे बघितलं.
सुपडामाय पुढे सरकली,
कानाशी तोंड आणून म्हणाली,
'मूठ तेस्नी. पाव आपला वं.
कोन्हाले सांगू नको.'

मग मला राशीपाशी बसवलं.
पुन्हा पहिल्यापासून, दोधूपासून.
मूठ तिने घातली, पाव माझ्याकडून घालून घेतला.
माझा पाव जरा जास्तच भरायचा,
बोटांच्या फटीतून गहू सांडायचे.
तिने एकदाही टोकलं नाही.

रात्रभर गिलक्याची भजी, लाल भोपळ्याची भाजी,
पुरणाच्या वासाने भिंतीसुद्धा गोड.
नारळाला नथ घातली, डोळे काढले,
टिकल्यांचा काठ असा चमकला
की हितेंद्रने दोनदा सगळ्यांना सांगितलं,
चौदा सुयांचं मशीन आहे, माझंच.
मालकाचं नाव तेव्हाही निघालं नाही.
गाणी म्हणता म्हणता बायका एकमेकींवर रेलून झोपायच्या
आणि धृपद आलं की बरोबर जाग्या व्हायच्या.

सोमवारी शकूरभाईचा बँड.
ट्रम्पेटवाला इस्माईल म्हणजे हितेंद्रचा शाळेतला बाकसोबती.
याला बघून त्याने चाल मधेच बदलली
आणि हा असा नाचला,
की लग्नातही नाचला नव्हता.
दोन्ही काका गर्दीत एकमेकांना धडकले.
धाकटा म्हणाला, 'पाय दखी टाक.'
तीन वर्षांतलं पहिलं वाक्य.
थोरल्याने ते मनावर घेतलं,
पांझरेपर्यंत पाय बघून टाकले.

नदीला पाणी गुडघाभर.
चौरंग सासूच्या डोक्यावर होता, तिने तो काठावर उतरवला
आणि न बोलता एक बाजू माझ्याकडे दिली.
जड होता.
मला वाटलं होतं त्याहून बराच.

रोट घराबाहेर नेत नाहीत,
म्हणून मंगळवारी डबा रिकामाच निघाला,
पोटं तेवढी भरलेली.
उधन्याला खोलीवर आल्यावर
साडीची घडी घालताना
ओच्यातून टपटप गहू पडले.
हितेंद्रने दिवा लावला. काय गं?

काही नाही, म्हटलं.
सुटे आहेत.